तळटीप : ‘घर सासऱ्याच्या नावावर आहे’

नशिराबादच्या सुनेला इथे मिळालेले हे उत्तर आज कायद्यापुढे टिकत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचे कलम १७ तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क देते. घरपट्टी कोणाच्या नावे येते हा प्रश्न गौण. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये बत्रा खटल्यात सासूच्या मालकीचे घर यातून वगळले. तो निर्णय फिरायला २०२० साल उजाडावे लागले (सतीश आहुजा खटला). तोवर किती जणी माहेरच्या ओसरीवर दिवस काढत राहिल्या असतील! मात्र हा हक्क राहण्याचा, मालकीचा नव्हे. मालकीलाच हात घातला तो शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ने : नशिराबादच्याच जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या.