खाटेवरून उठवण्याचा इतिहास

१/ इ.स. १९३५. लंडनच्या पश्चिमेस आयलवर्थ येथील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या निराधारगृहाचा रुग्णविभाग सोपवण्यात आला. सोबत ७१४ खाटा आल्या, आणि त्यांवर वर्षानुवर्षे पडून असलेली माणसे. बहुतेक वृद्ध, 'असाध्य' असा शिक्का बसलेली. जबाबदारी आली डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे. #थ्रेड

२/ विश्रांती हेच औषध, ही श्रद्धा तेव्हा जुनी होती. जॉन हिल्टन यांच्या १८६३ च्या ग्रंथाने तिला शास्त्राचे बळ दिले होते. शिवाय सोय होतीच : खाटेवरचा रुग्ण पडत नाही, भटकत नाही, कुणाला त्रास देत नाही.

३/ वॉरेन यांनी प्रत्येक रुग्ण तपासला. अनेकांना मूळ आजारापेक्षा खाटेनेच अधिक पंगू केले होते. सांधे आखडलेले, स्नायू झिजलेले. मग क्रमाक्रमाने त्यांना उठवणे सुरू झाले : आधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसणे, मग आधाराने उभे राहणे, मग चालणे. भिंतींना उजळ रंग आला, धरायला कठडे आले. अनेक रुग्ण घरी परतले. कालांतराने २४० खाटा पुरू लागल्या. 'असाध्य' हा शब्द निदान नव्हता, निष्काळजीपणा होता.

४/ १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर खुसखुशीत लेख लिहिला. ('मुंचाउसेन सिंड्रोम' हे नाव देणारे तेच ॲशर.)

५/ धोका साधा आहे. झोपून राहिल्याने मांड्या-पोटऱ्यांचे बळ ओसरते, तोल बिघडतो, उभे राहताच रक्तदाब घसरतो. पडू नये म्हणून निजवलेला वृद्ध पुढच्या वेळी उठताना हमखास डळमळतो.

६/ १९९७ मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो संशोधकांनी ८० व त्यापुढील वयाच्या २३३ स्त्रियांवर घरगुती व्यायामाची चाचणी केली : पायांचे बळ, तोल, चालणे. वर्षभरात व्यायाम करणाऱ्या गटात ८८ वेळा पडण्याचे प्रसंग घडले, दुसऱ्या गटात १५२.

७/ पण हे घरी. रुग्णालयाचे काय? मेलबर्न येथे ६२६ रुग्णांवरील चाचणीत (२००४) पडण्याचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले. मात्र तेथे व्यायामासोबत रुग्णशिक्षण, सूचनापत्र आणि नितंबरक्षक पट्टेही होते, म्हणून सारे श्रेय व्यायामाला देता येत नाही. शिवाय फरक ठळक झाला तो ४५ दिवसांनंतर. इतके दिवस रुग्णालयात राहतो कोण?

८/ ऑक्टोबर २००८ पासून अमेरिकेच्या मेडिकेअरने रुग्णालयात पडून झालेल्या इजांचा वाढीव खर्च देणे थांबवले. हेतू चांगला, पण पडलेला रुग्ण नोंदवहीत दिसतो, गमावलेले चालणे दिसत नाही. साहजिकच खाटेचा मोह पुन्हा बळावला, आणि रुग्ण उठू लागताच वाजणारे गजरही आले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २७,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत गजरांचा वापर वाढला. पडण्याचे प्रमाण मात्र लक्षणीय घटले नाही.