पाच डॉलरची पाटी : प्यूडीपायची कारकीर्द आणि तिचे वाद

इतिहासाच्या व्याख्यानमालेत यूट्यूबरचं काय काम, असं आज सभागृहात येताना दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण ज्या माणसाला २०१३ ते २०१९ एवढा काळ जगातल्या कुठल्याही एकट्या माणसाच्या चॅनेलपेक्षा जास्त वर्गणीदार होते, ज्याच्यावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा झाला आणि ज्याचं नाव एका खुन्याने गोळ्या झाडायच्या आधी उच्चारलं, तो माणूस इतिहासाच्या कक्षेत येत नसेल तर मग ती कक्षाच जरा तपासून बघायला हवी. वर्गणीदार म्हणजे अर्थात सबस्क्रायबर. यापुढे आपण तोच शब्द वापरू, सगळ्यांच्या तोंडात तोच आहे.

माणसाचं नाव फेलिक्स. आडनाव स्वीडिश उच्चारात साधारण ‘शेल्बेरी’ असं ऐकू येतं. आपण सोयीसाठी फेलिक्सच म्हणू. जन्म २४ ऑक्टोबर १९८९, स्वीडनमधलं गोथेनबर्ग. तिथल्याच चाल्मर्स तंत्रविद्यापीठात औद्योगिक अर्थशास्त्र शिकायला गेला आणि २०११ मध्ये ते सोडून दिलं. त्याआधी एप्रिल २०१० मध्ये त्याने यूट्यूबवर ‘प्यूडीपाय’ नावाचं खातं उघडलं होतं. जुन्या खात्याचा पासवर्ड विसरला म्हणून नवं काढलं, इतकी साधी सुरुवात. पोटापाण्यासाठी हॉट डॉगच्या गाडीवर काम करायचं आणि घरी येऊन व्हिडिओ करायचे, असा काही काळ गेला.

व्हिडिओ कसले? तर हा भीतीदायक गेम खेळायचा, ‘अॅम्नेशिया’ हा त्यातला मुख्य, आणि खेळताना घाबरायचा, किंचाळायचा, शिव्या द्यायचा. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत त्याचा चेहरा. बस, एवढंच! आमच्या पिढीतल्या लोकांना यात बघण्यासारखं काय, हे कळायला वेळ लागतो. आम्हालाही लागला. मग लक्षात येतं की बघणारा गेम बघतच नाही, तो सोबत बघतो. रात्री एकट्याने खोलीत बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला शेजारी कोणीतरी बसून घाबरतंय असं वाटणं, ही ती वस्तू होती. फेलिक्स व्हिडिओच्या शेवटी कॅमेऱ्यासमोर मूठ धरायचा आणि बघणाऱ्याने पडद्याला आपली मूठ लावायची. बघणारे प्रेक्षक नव्हते, ‘ब्रो’ होते. आणि सगळे मिळून ‘ब्रो आर्मी’. आजच्या विषयाचं मूळ या शब्दात आहे. वर्तमानपत्राला वाचक असतात, नटाला चाहते असतात, याला भाऊबंद होते. आणि भाऊबंदांशी बोलताना माणूस जीभ सांभाळत नाही.

तशी ती आधीही सांभाळली गेली नव्हती. सुरुवातीच्या व्हिडिओंत बलात्कारावरचे विनोद असायचे. त्यावर टीका झाली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याने ते थांबवत असल्याचं जाहीर केलं. ऑगस्ट २०१४ अखेरीस त्याने व्हिडिओंखालच्या प्रतिक्रियाच बंद करून टाकल्या. तिथे जाहिरातबाजी आणि घाण इतकी साचली होती की खऱ्या ‘ब्रों’पर्यंत पोहोचताच येत नाही, अशी त्याची तक्रार होती. म्हणजे आपल्या गर्दीत काय काय मिसळलंय याचा अंदाज त्याला २०१४ मध्येच आलेला होता. ही तारीख लक्षात ठेवा.

मधली वर्षं आपण भराभर ओलांडू. २०१३ मध्ये तो सबस्क्रायबर संख्येत पहिला झाला. सप्टेंबर २०१५ मध्ये एकूण १० अब्ज वेळा पाहिलं गेलेलं पहिलं चॅनेल त्याचं. तो मेकर स्टुडिओज नावाच्या कंपनीशी करारबद्ध होता. २०१४ मध्ये ती कंपनी डिस्नेने विकत घेतली आणि हॉट डॉगच्या गाडीवरचा मुलगा मिकी माऊसच्या घराण्यात गेला. फोर्ब्सच्या अंदाजाप्रमाणे २०१६ ची त्याची कमाई दीड कोटी डॉलर. डिसेंबर २०१६ मध्ये ५ कोटी सबस्क्रायबर.

आणि मग जानेवारी २०१७.

इथे आपल्याला थांबायचं आहे. फायवर नावाची एक वेबसाइट आहे. तिथे जगभरातले लोक छोटी-मोठी कामं करून देतात आणि त्या काळी पाच डॉलरपासून दर सुरू व्हायचे. लोगो काढून द्या, आवाज द्या, काहीही. तिथे भारतातल्या दोन तरुणांची जाहिरात होती : तुम्ही सांगाल तो मजकूर आम्ही पाटीवर लिहू, हसत नाचत व्हिडिओ काढून पाठवू. वाढदिवसाच्या शुभेच्छा वगैरेसाठी लोक ते घेत असणार. फेलिक्सने त्यांना पाच डॉलर देऊन मजकूर सांगितला : ‘सर्व ज्यूंना मृत्यू’. त्यांनी तो लिहिला, पाटी उलगडली, हसले, नाचले. फेलिक्सच्या व्हिडिओत ते बघून तो तोंडावर हात ठेवतो आणि ‘हे खरंच करतील असं वाटलं नव्हतं’ अशा अर्थाचं बोलतो. पैसे दिले तर लोक काहीही बोलतात, हे किती विचित्र आहे ते दाखवायचं होतं, असं त्याने नंतर सांगितलं.

आता यात विनोद नक्की कोणावर आहे? ज्यूंवर आहे, ते उघडच. त्या वाक्यामागे ६० लाख माणसांची कत्तल उभी आहे. पण त्यावर झालेल्या जगभरच्या चर्चेत दुसरी बाजू फार थोड्यांनी बोलून दाखवली. ती दोन मुलं. आपण काय लिहितो आहोत ते आम्हाला कळलं नव्हतं, असं त्यांनी नंतर माफी मागताना सांगितलं, आणि अविश्वास ठेवायचं कारण दिसत नाही. आपल्याकडे कितीतरी शाळांतून युरोपातल्या ज्यूंचा इतिहास दोन ओळींत उरकतो. मुंबई-कोकणात शतकानुशतकं राहिलेले बेने इस्राएली लोक आपल्याकडे शनिवार तेली म्हणून ओळखले जायचे, तरी तिथेसुद्धा नव्या पिढीला ‘ज्यू’ म्हटलं की चेहरा आठवेलच असं नाही. त्या अज्ञानाला पाच डॉलर ही किंमत ठरली. फायवरने त्या दोघांचं खातं काही काळ बंद केलं. म्हणजे पहिली शिक्षा झाली ती पाटी धरणाऱ्यांना! पुढे खातं परत मिळालं, पण क्रम बघा.

फेब्रुवारीत वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली की ऑगस्ट २०१६ पासूनच्या नऊ व्हिडिओंत ज्यूविरोधी विनोद किंवा नाझी प्रतिमा आहेत. डिस्नेच्या मेकर स्टुडिओजने संबंध तोडले. यूट्यूबने त्याच्या मालिकेचा दुसरा भाग रद्द केला आणि महागड्या जाहिरातींच्या यादीतून त्याला काढलं. पत्रकारांनी विचारणा केल्यावर तीन व्हिडिओ चॅनेलवरून काढले गेले. इतिहासाच्या अभ्यासकाला हे फार छळतं, बरं का. केसरीचा १८९७ चा अंक आपण आजही उघडून बघू शकतो. टिळकांवर कशासाठी खटला झाला ते वाचू शकतो. इथे मूळ पुरावा मालकाच्या एका बटणावर आणि मग आपण बातम्यांवरून, लोकांनी साठवलेल्या तुकड्यांवरून गोष्ट जुळवायची.

फेलिक्सने व्हिडिओ करून माफी मागितली. विनोद फार पुढे गेला हे मान्य केलं. पण त्याच व्हिडिओत, माध्यमं मला संपवायला निघाली आहेत, असंही तो म्हणाला. आमच्या मते त्याच्या कारकिर्दीतलं सर्वांत महागात पडलेलं हे वाक्य, पाटीपेक्षाही. कारण पाटी विसरता आली असती. ‘ते’ आपल्याला संपवायला आलेत, ही गोष्ट मात्र ‘ब्रों’नी उचलली आणि त्यांच्याबरोबर अशांनीही उचलली ज्यांना पाटीवरचं वाक्य विनोद वाटत नव्हतं, मनापासून पटत होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लाइव्ह खेळताना त्याच्या तोंडून कृष्णवर्णीयांसाठीची सर्वांत हीन शिवी गेली. पुन्हा माफी. मार्चमध्ये अतिरेकी व्हिडिओंशेजारी जाहिराती दिसतात म्हणून मोठे जाहिरातदार यूट्यूब सोडून गेलेच होते. जानेवारी २०१८ मध्ये यूट्यूबने नियम केला : हजार सबस्क्रायबर आणि वर्षाला चार हजार तास पाहणं, याखाली जाहिरातीचे पैसे नाहीत. मोठ्यांच्या चुकांचा भार असा शेवटी लहान चॅनेलांवर येऊन पडला.

आता आपल्या घराजवळ येऊ. २०१८ च्या मध्यावर लोकांच्या लक्षात आलं की टी-सीरीज फेलिक्सला मागे टाकणार. टी-सीरीज म्हणजे सुपर कॅसेट्स, गुलशन कुमार यांची. दर्यागंजात फळांच्या रसाचं दुकान असलेल्या घरातला हा माणूस. त्याने ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट काढल्या, जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली, भजनं आणि आरत्या घराघरांत नेल्या. त्याच्यावर चोरीचे आरोपही भरपूर झाले. ऑगस्ट १९९७ मध्ये मुंबईत अंधेरीच्या एका देवळाबाहेर त्याची हत्या झाली. आणि गंमत अशी की २००७ मध्ये याच कंपनीने, आमची गाणी चोरीने दाखवता म्हणून, यूट्यूबवरच दिल्लीत दावा लावला होता. दहा-बारा वर्षांत तीच कंपनी यूट्यूबवर पहिल्या क्रमांकाकडे निघाली. कारण कोणाचं कारस्थान नव्हतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा कवडीमोल झाला आणि कोट्यवधी माणसं मोबाइलवर पहिल्यांदा गाणी ‘बघू’ लागली.

पाश्चात्त्य ‘ब्रों’ना हे दिसलं नाही. त्यांना दिसली एक निनावी कंपनी, त्यांच्या एकट्या भावाला हरवायला आलेली. ऑक्टोबरमध्ये फेलिक्सने टी-सीरीजला शिव्या घालणारं एक गाणं काढलं. गंमत म्हणून असेल, पण त्यात भारतीयांची टिंगल होती. एका अमेरिकन यूट्यूबरने, आज ज्याला सगळे मिस्टरबीस्ट म्हणून ओळखतात, फेलिक्ससाठी होर्डिंगं विकत घेतली. एका हॅकरने जगभरच्या सुमारे ५० हजार प्रिंटरांमधून ‘सबस्क्राइब टू प्यूडीपाय’ असे कागद काढले. वॉल स्ट्रीट जर्नलच्या संकेतस्थळाचं एक पान फोडून तिथे खोटी माफी टाकली गेली. ब्रुकलिनमधल्या युद्धस्मारकावर तेच तीन शब्द खरडले गेले. भारतीयांविषयी तर इतकं घाणेरडं लिहिलं जाऊ लागलं की फेलिक्सने चाहत्यांना ते थांबवायला सांगितलं आणि डिसेंबरमध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘क्राय’ या मुलांसाठीच्या संस्थेकरता दोन लाख डॉलरहून अधिक निधी जमवला. हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. मात्र त्याच महिन्यात त्याने आवडती चॅनेलं सुचवताना एका उघड ज्यूविरोधी चॅनेलची शिफारस केली, हेही नोंदवायला हवं. लक्ष नव्हतं, असं तो म्हणाला. नसेलही.

१५ मार्च २०१९. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात एका वंशद्वेष्ट्याने दोन मशिदींत ५१ माणसं मारली. ते करताना तो स्वतःच थेट प्रक्षेपण करत होता, आणि सुरुवातीला तो म्हणाला : पोरांनो, प्यूडीपायला सबस्क्राइब करायला विसरू नका.

खुन्याने हे नाव का घेतलं? तो फेलिक्सचा अनुयायी होता, असं आम्ही म्हणत नाही. त्याला बातमी पसरायला हवी होती आणि ज्या शब्दांना कोट्यवधी कान आधीच सरावले आहेत ते त्याने उचलले. ऐकणाऱ्यांपैकी काहींना त्यात आपुलकीची खूण दिसेल, हेही त्याला ठाऊक होतं. फेलिक्सने लगेच लिहिलं की या माणसाने माझं नाव घेतलं याची मला शिसारी येते. पण घोषणा तेव्हाच थांबली नाही, त्यानेही थांबवली नाही. मार्चअखेरीस टी-सीरीज पुढे गेल्यावर त्याने अभिनंदनाचं उपरोधिक गाणं काढलं. त्यात आपल्या जातिव्यवस्थेलाही टोमणा होता. टोमणा खोटा नव्हता हो, पण सबस्क्रायबरांच्या शर्यतीत हरलेल्याने तो मारावा, हे जरा अजबच. एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोन्ही गाणी भारतात दाखवायला मनाई केली. पहिल्या गाण्यानंतर त्याने कंपनीकडे दिलगिरी व्यक्त केली होती आणि पुन्हा असं करणार नाही असं कळवलं होतं, ही गोष्ट न्यायालयाने लक्षात घेतली. शेवटी २८ एप्रिलला फेलिक्सने चाहत्यांना सांगितलं की ही चळवळ आता संपवा. क्राइस्टचर्चनंतर सहा आठवड्यांनी.

त्याच्या हातात किती उरलं होतं, याचा पुरावा लगेच मिळाला. ऑगस्ट २०१९ मध्ये तो १० कोटी सबस्क्रायबर मिळवणारा पहिला एकटा माणूस ठरला. सप्टेंबरमध्ये त्याने ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या अमेरिकेतल्या अँटी-डिफेमेशन लीगला ५० हजार डॉलर देणार म्हणून जाहीर केलं. भाऊबंद खवळले. कोणीतरी धमकावून हे करायला लावलं असणार, असे तर्क सुरू झाले. एक-दोन दिवसांत त्याने देणगी मागे घेतली. आपण पुरेशी माहिती न काढता संस्था निवडली, असं कारण दिलं. जी गर्दी त्याच्या सांगण्यावरून मूठ पडद्याला लावायची, तिने या वेळी मूठ उघडू दिली नाही.

मे २०२२ मध्ये फेलिक्स पत्नीसह जपानला राहायला गेला. तो अधूनमधून घर, प्रवास, चित्र काढायला शिकणं असले निवांत व्हिडिओ टाकतो. जून २०२४ मध्ये मिस्टरबीस्टने टी-सीरीजला मागे टाकलं आणि, सहा वर्षांनी आपण प्यूडीपायचा सूड उगवला, अशा अर्थाचं लिहिलं. त्याच्या शब्दांत त्या ‘आपण’मध्ये कोण कोण येतात हे काही त्याने सांगितलं नाही.

प्रश्न असतील तर घेऊ.