फ्रेमिंगहॅम आणि थकलेले हृदय
अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली ३० ते ६२ वयाच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची हृदयतपासणी सुरू झाली. दर दोन वर्षांनी रक्तदाब, कोलेस्टेरॉल, ईसीजी यांची नोंद होई. वाढता रक्तदाब हा वयाचाच भाग, असे तेव्हा पुष्कळ डॉक्टर मानत.

हृदय निकामी होणे म्हणजे ते बंद पडणे नव्हे. शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलणे त्याला झेपेनासे होते. हे ओळखायचे कसे, यासाठी याच तपासणीतून १९७१ मध्ये फ्रेमिंगहॅमचे निकष प्रसिद्ध झाले. रात्री धाप लागून जाग येणे, मानेच्या शिरा फुगणे ही प्रमुख लक्षणे. घोट्यांची सूज, रात्रीचा खोकला ही दुय्यम. दोन प्रमुख, किंवा एक प्रमुख आणि दोन दुय्यम लक्षणे आढळली की निदान पक्के. यातले बरेचसे तर डोळ्यांनी पाहून आणि रुग्णाला विचारूनच कळते!

फ्रेमिंगहॅमच्याच १९९६ च्या विश्लेषणात हृदय निकामी झालेल्यांपैकी ९१ टक्क्यांना आधीपासून उच्च रक्तदाब होता. २००२ मध्ये चाळिशीतील व्यक्तीला हृदय निकामी होण्याचा आयुष्यभराचा धोका पाचांत एक निघाला, स्त्री असो वा पुरुष. मूळ गट मात्र जवळजवळ पूर्णतः गोऱ्यांचा होता. इतर वंशांचे लोक १९९४ पासून वेगळ्या गटात घेतले गेले.