झोप किती हवी? वयानुसार गरज आणि ती ओळखण्याची पद्धत

दवाखान्यात दोन तक्रारी वारंवार ऐकू येतात. पहिली सत्तरीतल्या आजोबांची: "रात्री सहा-साडेसहा तासांवर झोप लागत नाही, एखादी गोळी द्या." दुसरी तक्रार नसतेच, उलट थोडा अभिमान असतो. चाळिशीतला नोकरदार सांगतो, "मला पाच तास पुरतात, सवयच झाली आहे." नीट विचारपूस केली की बरेचदा उलटे चित्र दिसते. आजोबा दुपारी तासभर झोपतात आणि एरवी दिवसभर ताजेतवाने असतात. त्यांना गोळीची गरज नसते. नोकरदार मात्र गाडीत बसायला जागा मिळाली की पेंगतो आणि रविवारी अकरापर्यंत उठत नाही. त्याला पाच तास पुरत नसतात.

म्हणून झोपेबाबत दोन प्रश्न विचारायला हवेत. आपल्या वयात साधारण किती झोप लागते? आणि मिळते ती झोप आपल्याला पुरते का?

वयानुसार झोपेची गरज

अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ मध्ये तज्ज्ञांकडून तयार करून घेतलेले पुढील आकडे सर्वत्र वापरले जातात. हे २४ तासांतील एकूण झोपेचे तास आहेत, म्हणजे दुपारची झोपही त्यातच धरायची.

• जन्मापासून ३ महिने: १४ ते १७ तास
• ४ ते ११ महिने: १२ ते १५ तास
• १ ते २ वर्षे: ११ ते १४ तास
• ३ ते ५ वर्षे: १० ते १३ तास
• ६ ते १३ वर्षे: ९ ते ११ तास
• १४ ते १७ वर्षे: ८ ते १० तास
• १८ ते ६४ वर्षे: ७ ते ९ तास
• ६५ वर्षे व पुढे: ७ ते ८ तास

प्रत्येक वयोगटात दोन आकडे आहेत, कारण माणसामाणसांत फरक असतो. एकाच घरात एकाला सात तास पुरतात आणि दुसऱ्याला साडेआठ लागतात. दोघेही निरोगी असू शकतात.

तास मोजताना एक चूक नेहमी होते. अंथरुणावर पडलेला वेळ म्हणजे झोप नव्हे. तुम्ही ११ वाजता आडवे झालात, १२ पर्यंत मोबाइल पाहिला आणि सकाळी ६ ला उठलात, तर झोप सातऐवजी सहाच तास झाली. मध्ये दोनदा उठला असाल तर आणखी कमी.

"कमी झोपेची सवय झाली" हे खरे का?

जागे असताना मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्यामुळे झोप येऊ लागते. झोपेत ते कमी होते. झोप अपुरी पडली की दुसऱ्या दिवसाची सुरुवातच थोड्या उधारीने होते. चहा-कॉफीतले कॅफीन ॲडिनोसिनचा परिणाम काही तास अडवून ठेवते, पण उधारी फेडत नाही.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निरोगी प्रौढांवर केलेला एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काहींना १४ दिवस रोज जास्तीत जास्त सहा तास, तर काहींना चारच तास झोपू दिले. त्यांची एकाग्रता व प्रतिसादाचा वेग रोज थोडा थोडा घसरत गेला. अखेरीस तो एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतका खाली आला. मात्र "आम्हाला फार झोप येत नाही" असेच त्यांना वाटत होते. म्हणजे सवय होते ती थकव्याची. शरीराची गरज तेवढीच राहते, फक्त आपल्याला ती जाणवेनाशी होते.

खरोखर पाच-सहा तासांत भागणारी माणसे असतात, पण फारच थोडी. कॅलिफोर्नियातील संशोधकांना २००९ मध्ये अशा एका कुटुंबात डीईसी-२ या जनुकात बदल आढळला. अशी माणसे लहानपणापासून कमी झोपतात, गजराशिवाय उठतात आणि सुट्टीतही जास्त झोपत नाहीत. तुम्ही रविवारी दोन तास उशिरा उठत असाल, तर तुम्ही त्यांच्यातले नाही.

अपुऱ्या झोपेने भूक वाढते, वजन वाढते. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. सर्वांत तातडीचा धोका रस्त्यावरचा आहे. सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसाचा प्रतिसाद १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो. आपल्याकडे वाहन चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. पहाटे पाचला उठून दिवसभर काम केलेला माणूस रात्री अकराला गावी जायला गाडी काढतो, तेव्हा त्याने एक थेंबही घेतलेला नसतो, तरी तो या अवस्थेत असतो. अशा वेळी काच उघडून किंवा गाणी लावून उपयोग होत नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून झोप घ्या किंवा पहाटेपर्यंत निघूच नका.

शाळकरी आणि किशोरवयीन मुले

झोप अपुरी झालेले लहान मूल पेंगेलच असे नाही. ते जास्त चिडते, एका जागी बसत नाही, हट्ट करते. "मूल फार चंचल आहे" म्हणून आलेल्या पालकांना आम्ही आधी झोपेची वेळ विचारतो.

वयात आल्यावर मुलांचे शरीरातले घड्याळ एक-दोन तासांनी पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा स्रवू लागते. त्यामुळे दहाला झोप न येणे हा दरवेळी आळशीपणा नसतो. अर्थात हातातला मोबाइल त्यात भर घालतो. सकाळची शाळा किंवा क्लास सातला असेल, तर झोप दोन्हीकडून कापली जाते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असे सांगितले, त्यामागे मुलांच्या झोपेचाच विचार होता. मोठ्या मुलांची काळजी मात्र घरातच घ्यावी लागते.

दहावी-बारावीच्या मुलांच्या पालकांना एक विनंती. वाचलेले लक्षात पक्के बसण्याचे काम झोपेत होते. परीक्षेच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागून वाचलेल्या धड्यापेक्षा आठ तासांची झोप जास्त गुण मिळवून देऊ शकते.

गर्भवती, बाळंतीण आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रिया

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत खूप झोप येते. शेवटच्या तीन महिन्यांत लघवी, जळजळ आणि पाठदुखीमुळे ती मोडते. या काळात कुशीवर झोपावे आणि दुपारी थोडी विश्रांती घ्यावी.

बाळंतिणीला सलग झोप मिळत नाही, म्हणून तिची झोप तुकड्यातुकड्यांनी भरून काढावी लागते. बाळ झोपले की तिने झोपावे. त्या वेळी कपडे-भांडी आणि पाहुणे घरातल्या इतरांनी सांभाळावेत. बाळ शांत झोपलेले असताना, संधी मिळूनही तिला झोप येत नसेल आणि ती सतत उदास किंवा घाबरलेली असेल, तर "बाळंतपणात असे होतेच" म्हणून सोडून देऊ नका. हे प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे लक्षण असू शकते आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

अनेक घरांत सर्वांत शेवटी झोपणारी आणि पहाटे पाण्यासाठी, डब्यांसाठी सर्वांत आधी उठणारी व्यक्ती एकच असते. तिच्या डोकेदुखीवर, चिडचिडीवर आणि वाढत्या रक्तदाबावर औषध शोधण्याआधी तिचे झोपेचे तास मोजा. सकाळचे एखादे काम वाटून घेतले तरी तिला अर्धा तास मिळतो.

वय झाल्यावर झोप कमी लागते का?

गरज फारशी कमी होत नाही, झोपेचा पोत बदलतो. गाढ झोप घटते, जाग लवकर येते, रात्री लघवीला उठावे लागते. घड्याळही अलीकडे सरकते. आजी रात्री साडेआठला झोपत असतील आणि पहाटे साडेतीनला जाग येत असेल, तर त्यांची सात तास झोप पूर्ण झालेली आहे. हा निद्रानाश नव्हे. त्यात दुपारचा एक तास मिळवला, तर रात्री सहा तास मिळणेही स्वाभाविक आहे.

अशा वेळी झोपेची गोळी घेण्याची घाई करू नका. म्हातारपणी या गोळ्यांमुळे रात्री उठताना तोल जातो. पडून खुब्याचे हाड मोडण्याची आणि गोंधळल्यासारखे होण्याची भीती असते. गोळी आधीपासून चालू असेल, तर ती एकदम बंदही करू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते.

त्याऐवजी संध्याकाळी उजेडात फिरा, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा आणि रात्री झोपायची वेळ तासभर पुढे ढकला. दिवसभर उत्साह असेल, तर पहाटेची जाग हा आजार नाही.

रातपाळी करणाऱ्यांसाठी

रातपाळी करणाऱ्यालाही सात तास हवेतच, पण दिवसा झोप लवकर मोडते. सकाळी चार-पाच तास आणि पाळीवर जाण्याआधी दीड-दोन तास, अशी दोन भागांत झोप घेतलेली चालते. खोलीत जाड पडदे लावा आणि फोन बंद ठेवा. त्या वेळी बेल वाजवायची नाही, हे घरच्यांना सांगून ठेवा. पाळी संपल्यावर डोळे मिटत असतील, तर दुचाकीने घरी जाऊ नका.

तुमची स्वतःची गरज कशी ओळखाल?

सुट्टीचे दहा-बारा दिवस मिळतील तेव्हा हा साधा प्रयोग करा.

१. रोज झोप येऊ लागली की झोपा. वेळ शक्यतो एकच ठेवा.
२. गजर लावू नका. जाग येईल तेव्हा उठा.
३. झोप लागल्याची व उठल्याची अंदाजे वेळ वहीत लिहा.
४. पहिले तीन-चार दिवस मोजू नका. तेव्हा जुनी उधारी फिटत असते.
५. उरलेल्या दिवसांची सरासरी काढा. ती तुमची गरज.

सुट्टी मिळत नसेल, तर पुढील खुणा पाहा. गजर दोन-तीनदा पुढे ढकलावा लागतो. मीटिंगमध्ये, बसमध्ये किंवा टीव्हीसमोर डोळा लागतो. दुपारचा चहा चुकला की डोके चालत नाही. सुट्टीला दोन तास जास्त झोपता. यातल्या दोन खुणा जरी जुळल्या, तरी रोज अर्धा तास आधी झोपायला सुरुवात करा आणि दोन आठवड्यांनी फरक पाहा.

तास भरतात, तरी थकवा का?

आठ तास झोपूनही सकाळी अंग जड असेल, तर झोपेचा दर्जा तपासायला हवा. सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे झोपेतील श्वासरोध, म्हणजे स्लीप ॲप्निया. यात घसा सैल पडून श्वास दहा सेकंद किंवा अधिक वेळ थांबतो आणि मेंदू दचकून जागा होतो. असे एका रात्रीत अनेक वेळा घडते, पण रुग्णाला आठवत नाही. मोठ्याने घोरणे, मध्येच घोरणे थांबून घुसमटल्यासारखा आवाज येणे, सकाळी डोके दुखणे आणि दिवसा पेंगणे ही त्याची लक्षणे आहेत. ती शेजारी झोपणाऱ्याच्याच लक्षात येतात. म्हणून घोरण्याला "गाढ झोप लागली आहे" असे समजू नका. मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवा. स्लीप स्टडी नावाच्या तपासणीने निदान होते. वजन कमी करणे आणि गरजेनुसार सीपॅप यंत्र वापरणे हे उपचार आहेत.

रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, नैराश्य आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या यांमुळेही जास्त झोप येते. रोज नऊ तासांपेक्षा जास्त झोपूनही थकवा राहत असेल, तर तपासणी करून घ्या. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते. त्यामुळे दारू हा झोपेवरचा उपाय नाही.

डॉक्टरांना कधी भेटावे?

• आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप लागत नाही किंवा टिकत नाही आणि हे तीन महिने चालू आहे. यावर गोळीपेक्षा आधी झोपेच्या सवयी व विचार बदलणारी उपचारपद्धती वापरतात.
• घोरताना श्वास थांबतो असे घरच्यांनी सांगितले आहे.
• गाडी चालवताना किंवा यंत्रावर काम करताना एकदा जरी डोळा लागला आहे.
• मूल रोज घोरते किंवा तोंडाने श्वास घेत झोपते.
• झोपेबरोबर भूक गेली आहे, कशातच मन लागत नाही किंवा जगणे नकोसे वाटते. अशा वेळी त्याच दिवशी मदत घ्या.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची झोपेची नोंद आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी बरोबर न्या. शक्य असल्यास रात्री तुमच्या खोलीत झोपणाऱ्या व्यक्तीलाही सोबत घेऊन जा. तुमच्या झोपेबद्दल तुमच्यापेक्षा तिला जास्त माहीत असते.