आकड्यांचं चित्र आणि नाइटिंगेलबाईंची दुरुस्ती

मंडळी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की हातात दिवा घेतलेली परिचारिका आपल्या डोळ्यांसमोर येते. आज मात्र आपण त्यांनी केलेल्या एका आकृतीबद्दल बोलणार आहोत.

क्रायमियाचं युद्ध चालू होतं. नोव्हेंबर १८५४ मध्ये नाइटिंगेलबाई ३८ परिचारिकांसह इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी इथल्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. सैनिक मरत होते, पण कशाने? त्या आघाडीवरच्या ब्रिटिश सैन्याचा एकट्या जानेवारी १८५५ चा हिशेब बघा. जखमांनी ८३ मृत्यू झाले. पटकी, हगवण, ताप अशा टाळता येण्याजोग्या रोगांनी झाले २,७६१!

आता हा हिशेब कोष्टकात मांडला, तर लंडनमधले मंत्री आणि खासदार तो वाचणार का? बाईंना शंका होती. म्हणून १८५८ साली, संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांचं साहाय्य घेऊन, त्यांनी हिशेबाची आकृती केली. वर्षाचे बारा महिने म्हणजे वर्तुळाच्या बारा पाकळ्या. टाळता येणारे रोग निळे, जखमा लाल, इतर कारणं काळी. बस्स, तीनच रंग.

अशी दोन वर्तुळं शेजारी-शेजारी काढली. एक मार्च १८५५ पर्यंतचं, दुसरं त्यानंतरचं. नेमका मार्चच का? कारण त्याच महिन्यात सरकारने पाठवलेलं स्वच्छता पथक तिथे पोहोचलं. गटारं साफ झाली, दालनांत हवा खेळू लागली. पहिल्या वर्तुळात निळा रंग अंगावर येतो, दुसऱ्यात तो आटत जातो. अर्थात, हिवाळाही तेव्हाच सरला होता, हे आपण विसरू नये.

पण मला सांगायचंय ते पुढेच आहे. याच्या आधीच्या आकृतीत बाईंनी मृत्यूंचं प्रमाण केंद्रापासूनच्या लांबीने दाखवलं होतं. यात गडबड काय? लांबी दुप्पट केली की पाकळीचं क्षेत्रफळ चौपट होतं, आणि बघणाऱ्याचा डोळा क्षेत्रफळ बघतो. म्हणजे मृत्यू दुप्पट असले तरी दिसणार चौपट! खरं तर ही चूक त्यांच्या फायद्याचीच होती. तरी त्यांनी ती सुधारली. नव्या आकृतीत क्षेत्रफळ हेच माप धरलं आणि तसं आकृतीवरच लिहून टाकलं.

आज कुणी हीच माहिती साध्या स्तंभांनी दाखवील, आणि ती वाचायला सोपीही जाईल. तेव्हा पाकळ्यांची नक्कल करू नका. घ्यायचं ते एवढंच : प्रश्न एक ठेवा, तुलना शेजारी मांडा, आणि माप खरं ठेवा. आपली बाजू न्याय्य असली, तरीही. किंबहुना, तेव्हा तर जास्तच. कारण चित्रातली एक खोट सापडली, की विरोधक आकड्यांनाही खोटं म्हणायला मोकळा होतो.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.