पुणे–तिरुचिरापल्ली: पावणेदोन तास आणि साडेतीनशे वर्षे

सध्या तात्पुरत्या कामगिरीवर कुंभकोणमला आहे. परवा पुण्याहून दादाचा फोन आला, "वाड्याच्या कागदांवर सह्या करायच्यात. विमानाने दोन तासांचं तर अंतर, ये की."

सवयीने नकाशा उघडला. लोहगाव ते तिरुचिरापल्ली विमानतळ सरळ रेषेत सुमारे 1000 किलोमीटर. ताशी 800 च्या वेगाने, चढउतार धरून, पावणेदोन तास. पण मला मिळणारं विमान चेन्नईमार्गे. त्यात इथून तिरुचिरापल्लीपर्यंतचे अडीच तास आणि मधला मुक्काम धरला की सबंध दिवस जातो. धावपट्टी ते धावपट्टी हे अंतर वैमानिकाचं. प्रवाशाचं अंतर घरच्या उंबऱ्यापासून मोजायचं.

रविवारी कोल्लिडम ओलांडून तिरुमळवाडीला गेलो. कावेरीच्या या उत्तरेकडच्या फाट्याच्या काठी जुलै 1677 मध्ये शिवाजी महाराजांचा तळ होता. महाराज इथे सरळ रेषेत आले नव्हते. मधला बराच मुलूख आदिलशाहीचा. म्हणून आधी पूर्वेला भागानगर, म्हणजे आजचं हैदराबाद. तिथे कुतुबशहाशी तह करून पैसा आणि तोफखाना मिळवला, मग दक्षिणेला वळून जिंजी घेतली. फौज नकाशावरच्या रेषेने चालत नाही. दाणावैरण, पाणी आणि पाठीमागचा सुरक्षित मुलूख जिकडे असेल तिकडून चालते. प्रबोधिनीत हे शिकलो होतो. पटलं ते इथे.

तळावर भेटायला आले धाकटे सावत्र बंधू व्यंकोजीराजे. दीड-दोन वर्षांपूर्वीच त्यांनी तंजावर घेतलं होतं. विषय होता वडिलांच्या, शहाजीराजांच्या, दौलतीतल्या वाट्याचा. बोलणी फिसकटली आणि एका रात्री व्यंकोजी कोणाला न सांगता नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. महाराजांनी पाठलाग केला नाही. कोल्लिडमच्या उत्तरेचा मुलूख ताब्यात घेतला, व्यवस्था लावली आणि ते परत फिरले. त्यांची पाठ वळताच, नोव्हेंबरमध्ये, व्यंकोजींनी मागे ठेवलेल्या फौजेवर चाल केली.

पुढे तह झाला. तंजावर व्यंकोजींकडे राहिलं, बंगळूरकडचा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी मिळाला. समझोता पत्रांनी आणि मध्यस्थांनी घडवला. दोघे भाऊ पुन्हा भेटले नाहीत. एप्रिल 1680 मध्ये महाराज गेले.

तंजावरचं मराठी राज्य मात्र 1855 पर्यंत टिकलं. कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झाले. इथले माझे घरमालकही तंजावरी मराठी. बाहेर तमिळ, घरात मराठी. काही शब्द असे की मला दोनदा विचारावे लागतात. माझ्या वाड्याची हकिगत ऐकून ते एवढंच म्हणाले, "कागद टपालानं जातो. माणूस जायला पाहिजे."

खरं सांगायचं तर तीन वर्षं मी सुट्टी, पोस्टिंग, तिकीट अशी कारणं देत आलो. व्यंकोजीराजांना निदान फौजेची भीती होती. मला कसली?

शुक्रवारचं तिकीट काढलंय. वाट्याचं काय ते होईल. आधी दादाच्या हातचा चहा.