उल्लोळ विहीर आणि मामांचा फ्रिज

चिपळूणहून कराडला निघालात की कुंभार्ली घाट सुरू व्हायच्या आधी अलोरे, शिरगाव, पोफळी अशी गावं लागतात. पोफळी म्हणजे कोयनेचं वीजगृह, एवढं आपल्याला शाळेतल्या भूगोलापासून माहीत असतं. 'सर्ज प्रोटेक्शन' या विषयावर पोफळीइतकं शिकवणारं गाव दुसरं नसेल, हे मात्र माझ्या बरंच उशिरा डोक्यात शिरलं. मामा तिथे राहतात, म्हणून.

आधी पाण्याचं बघू. धरण घाटावर, सातारा जिल्ह्यात. कोयना वाहते कृष्णेकडे, म्हणजे पूर्वेला. तिचं पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला वळवलं आणि पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली, पोफळीच्या डोंगराच्या पोटातल्या टर्बाइन्सवर सोडलं. पहिला संच 1962 साली सुरू झाला. पुढे दोन टप्पे मिळून आठ संच झाले, क्षमता 600 मेगावॅट. धरणाकडून येणारा बोगदा पावणेचार किलोमीटर लांब, व्यास सहा मीटरहून जास्त. हिशोब करून बघा, एक लाख टनांहून जास्त पाणी त्यात एकाच वेळी असतं. आणि ते नुसतं साठलेलं नसतं, धावत असतं!

आता समजा, मुंबईकडे जाणारी लाइन अचानक तुटली. संचावरचा भार गेला, तर तो बेफाम फिरू लागेल. म्हणून पाणी बंद करायला हवं. पण धावणारं लाख टन पाणी झटक्यात बंद करता येत नाही. नळ फाटकन बंद केला की जुन्या पाइपात 'ठक्' आवाज होतो ना, तेच डोंगराएवढं होईल आणि पोलाद फाटेल. यावर दोन तोडगे आहेत. एक, बोगद्याच्या शेवटी, पाणी तीव्र उतारावर पडायच्या आधी, एक उभी विहीर खोदलेली असते. तिला उल्लोळ विहीर म्हणतात (हा शब्द ज्याने काढला त्याला माझा नमस्कार). खाली वाट अडली की पाणी तिच्यात उसळून चढतं, पुन्हा उतरतं, पुन्हा चढतं, असं करत शांत होतं. दुसरा तोडगा टर्बाइनजवळ. इथल्या टर्बाइन पेल्टन जातीच्या, म्हणजे पाण्याची धार वाटीसारख्या पात्यांवर आदळते. भार गेला की डिफ्लेक्टर नावाचा एक पत्रा धारेत आडवा येऊन ती बाजूला वळवतो, आणि मग तोटी सावकाश बंद होते.

दोन्हीकडे युक्ती एकच. लाट थोपवायची नाही, तिला दुसरी वाट काढून द्यायची. आमच्या धंद्यातही सर्व्हर बंद करताना आत आलेल्यांना आधी बाहेरची वाट देतात, एकदम प्लग उपटत नाहीत. असो.

विजेच्या बाजूलाही हेच. 220 केव्हीच्या लाइनवर आभाळातली वीज कोसळली की यार्डातले लाइटनिंग अरेस्टर तिला जमिनीत उतरवतात. साठच्या दशकात ते सिलिकॉन कार्बाइडचे, मध्ये हवेची फट ठेवलेले असत. त्याच दशकाच्या अखेरीला जपानमध्ये मात्सुशिताच्या संशोधकांनी झिंक ऑक्साइडची टिकली शोधली. नेहमीच्या दाबाला ती जवळजवळ वीज वाहू देत नाही, दाब मर्यादेपलीकडे गेला की मायक्रोसेकंदाच्या आत वाट मोकळी करते. आज स्पाइक गार्डच्या पट्टीत जी निळी किंवा पिवळी टिकली असते, ती हीच.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. वीज तुटली आणि मुंबईतले कारखाने थांबले. त्या दिवसापासून पोफळीतला दिवा आणि मुंबईचं यंत्र यांचं नातं सगळ्या महाराष्ट्राला कळलं. पण पोफळीच्या घरातल्या विजेचं काय? लोकांना वाटतं, वीजगृह शेजारी म्हणजे वीज उत्तम. अहो, दिव्याखालचा अंधार हा वाक्प्रचार उगाच नाही. तयार झालेली वीज 220 केव्हीवर चढून लांब जाते. घरात येते ती उपकेंद्रातून 11 केव्हीची लाइन, झाडाझुडपांतून डीपी, आणि तिथून खांबाखांबावरून. त्या शेवटच्या टप्प्यावर फणसाची एक फांदी पुरते.

मामांकडे आधी होते बल्ब आणि एक पंखा. दाब उतरला की बल्ब पिवळा व्हायचा, वाढला की उडायचा. एका बल्बचं नुकसान, बस्स. फ्रिज आला तेव्हा सोबत स्टॅबिलायझर आला, रात्री 'टक्-टक्' करणारा. (केरळातली व्ही-गार्ड कंपनी 1977 साली स्टॅबिलायझरपासूनच सुरू झाली. माडांच्या प्रदेशात हा धंदा निघावा, याचं नवल नाही.) लोडशेडिंगच्या वर्षांत त्याने आणखी एक काम केलं. वीज आल्यावर तीन मिनिटं थांबून मगच कॉम्प्रेसर चालू करायचा. आतला वायूचा दाब उतरायच्या आधी कॉम्प्रेसर चालू झाला तर तो अडकतो, जास्त करंट ओढतो, आणि गुंडाळी जळू शकते.

आता फ्रिज इन्व्हर्टरचा, एसी इन्व्हर्टरचा. वीज वाचते, खरं आहे. पण जाड तांब्याच्या गुंडाळीच्या जागी बारीक इलेक्ट्रॉनिक बोर्ड आला, आणि त्याला लाट सोसत नाही. गेल्या मे महिन्यात वळवाच्या पहिल्या गडगडाटात मामांच्या फ्रिजचा बोर्ड गेला. स्टॅबिलायझर होता! पण त्याचा रिले हलायला काही मिलिसेकंद लागतात आणि विजेची लाट वीस-पन्नास मायक्रोसेकंदांत काम करून गेलेली असते. मामीचं इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं. ते मातीच्या माठात, ओल्या फडक्यात ठेवून मामांनी चार दिवस काढले. दुकानदार म्हणाला, "वॉरंटीत बसत नाही, व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे." त्याच्यावर वैतागून काही उपयोग नव्हता.

मी म्हटलं, चांगला सर्ज प्रोटेक्टर बसवू. मामा म्हणाले, "अरे, बसव, पण तो लाट सोडणार कुठे?"

तीस वर्षं वीजगृहात काढलेल्या माणसाचा प्रश्न. खांबाजवळ वीज पडली की लाट फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांवर एकदमच येते. फेज-न्यूट्रलमधली टिकली तेव्हा फारशी उपयोगी नाही, लाटेला जमिनीचीच वाट हवी. आणि ती वाट म्हणजे अंगणातला अर्थिंगचा खड्डा. कोकणातली जमीन जांभ्याची आणि खडकाळ, पाणी धरत नाही. पावसाळ्यात खड्डा ओला असतो. मे महिन्यात तो पार कोरडा, आणि नेमका तेव्हाच वळवाचा गडगडाट येतो. उल्लोळ विहीर बुजवून ठेवायची आणि पाणी उसळायची वाट बघायची, असाच हा प्रकार.

म्हणून आधी खड्डा. जुना पाइप गंजलेला निघाला. नवा खोल खड्डा, कोळसा, मीठ, माती, वर पाणी ओतायला नरसाळं. मग मीटरजवळ सर्ज प्रोटेक्टर. आणि त्याच्यापुढे एक वेगळी डबी, ती न्यूट्रलसाठी. वादळात न्यूट्रल तुटली की तीन फेजच्या हिशोबाने घरात 230 च्या जागी 400 व्होल्टपर्यंत येऊ शकतात, तेही मिनिटंच्या मिनिटं. झिंक ऑक्साइडची टिकली ही लाट नाही सोसत, तापून जळते. तिथे दाब वाढला की घरच तोडणारं यंत्र लागतं. या दोन गोष्टींची गल्लत दुकानातही होते आणि बऱ्याच वायरमन मंडळींकडूनही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

या एप्रिलपासून मामा रोज संध्याकाळी तुळशीला पाणी घालून झालं की उरलेली बादली त्या नरसाळ्यात ओततात. मामी म्हणते, "त्याला पण नैवेद्य दाखवा." :-)